जुळवलेले भूर्जपत्र आणि पाठाचा पुरावा

गान्धारी प्राकृतातील बौद्ध हस्तलिखितांचा परिचय आपल्याकडील जिज्ञासूंना प्रामुख्याने दोन मार्गांनी होतो. एक मार्ग मुद्रित पाठाचा व दुसरा छायाचित्रांचा. पाठाविषयी आपण सावध असतो. अमुक वाचन ग्राह्य की अग्राह्य, पालीतील समांतर गाथेशी ते कितपत जुळते, संपादकाने कोठे तर्क लढविला आहे, याची चर्चा आपल्या अभ्यासवर्गांतून होते. छायाचित्र समोर आले की मात्र ही सावधगिरी संपते. भूर्जपत्राचे चित्र व्याख्यानात पडद्यावर दाखविले जाते, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापले जाते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा म्हणून श्रोते ते स्वीकारतात. प्रस्तुत लेखात आम्हांला या चित्रांचीच समीक्षा करावयाची आहे. कारण त्यांपैकी कित्येक चित्रे एकाच वस्तूची एकाच वेळी घेतलेली छायाचित्रे नसतात. अनेक तुकड्यांची स्वतंत्र चित्रे संगणकावर थरांप्रमाणे एकमेकांवर ठेवून, सरकवून आणि फिरवून ती सिद्ध केलेली असतात.

या कामाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. इ. स. १९९४ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे खरोष्ठी लिपीतील भूर्जपत्रांच्या गुंडाळ्यांचे एकोणतीस अवशेष आले. त्यांच्यासोबत मातीची भांडी होती व त्यांपैकी एका भांड्यावरील लेखात धर्मगुप्तक निकायाचा उल्लेख आहे. हे अवशेष इसवी सनाच्या पहिल्या शतकातील असावेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. १९९६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि ब्रिटिश लायब्ररी यांनी संयुक्तपणे संशोधनप्रकल्प सुरू केला. रिचर्ड सॉलोमन यांनी १९९९ मध्ये संग्रहाचा परिचयग्रंथ लिहिला, आणि २००० मध्ये सुत्तनिपातातील खग्गविसाणसुत्ताशी समांतर असलेल्या गान्धारी पाठाची त्यांची आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढे या मालेत अनेक खंड निघाले. तत्पूर्वी विद्वानांना या भाषेतील एकच मोठे बौद्ध हस्तलिखित ठाऊक होते, ते म्हणजे खोतानचे धर्मपद. ते १८९२ मध्ये उजेडात आले आणि त्याचे भाग पॅरिस व सेंट पीटर्सबर्ग अशा दोन शहरांत विभागले गेले. १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठातर्फे बेणीमाधव बरुआ व शैलेंद्रनाथ मित्र यांनी प्राकृत धम्मपदाची आवृत्ती काढली, तेव्हा पीटर्सबर्गमधील मोठा भाग त्यांना उपलब्ध नव्हता. दोन्ही भाग एकत्र वाचावयास मिळाले ते १९६२ मधील जॉन ब्रफ यांच्या आवृत्तीत, आणि तेही छायाचित्रांच्या रूपाने. विखुरलेले अवशेष चित्रात एकत्र आणण्याची पद्धत अशा प्रकारे संगणकाहून जुनी आहे. संगणकाने तीत एक गोष्ट नवी आणली. जोड कोठे आहे, हे आता डोळ्यांना दिसत नाही.

भूर्जपत्राचा स्वभाव ध्यानात घेतल्यावाचून हा प्रश्न नीट समजणार नाही. भूर्ज वृक्षाची साल ही मुळातच पापुद्र्यांची बनलेली असते. काळाच्या ओघात पापुद्रे एकमेकांपासून सुटतात व वरच्या पापुद्र्यावरील अक्षर खालच्यापासून अलग होते. गुंडाळी शतकानुशतके दबून राहिली की एका वेढ्याचा चुरा शेजारच्या वेढ्यास चिकटतो. ती उलगडली म्हणजे कोणत्या ओळीचा तुकडा कोणत्या ओळीवर येऊन पडेल याचा नेम नसतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ मध्ये अशीच एक गुंडाळी मिळविली. ती उलगडण्यापूर्वी तेथील संवर्धनतज्ज्ञाने वाळलेल्या चिरुटावर सराव केला होता. यावरून वस्तू किती ठिसूळ आहे याची कल्पना यावी. एकदा काचांमध्ये बसविलेले तुकडे पुन्हा हलविणे धोक्याचे असते. चुकीच्या जागी किंवा तिरपा बसलेला तुकडा काचेखाली तसाच राहू देऊन त्याचे चित्र तेवढे योग्य जागी नेणे, हाच मार्ग उरतो. तो अवलंबिल्याबद्दल कोणा संशोधकास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. या मार्गावाचून खग्गविसाणसुत्ताचा गान्धारी पाठ आपल्या हाती आजच्या स्वरूपात आलाच नसता.

आता ही जुळवणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. प्रारंभीच्या काळात अभ्यासक चित्रसंपादनाच्या तयार साधनात माउसने तुकडे ओढत असत व आजही अनेकजण तसेच करतात. परंतु हेच काम संगणकाच्या आज्ञावलीने, म्हणजे ओळीओळीने लिहिलेल्या कोडने, अधिक शिस्तीने करता येते. पायथॉन या संगणकभाषेतील पिलो हे साधनसंच त्यासाठी सर्वांस मोफत उपलब्ध आहे. प्रत्येक तुकड्याभोवतीची काच व सावली वगळून त्याची कड आखली जाते आणि कडेबाहेरचा भाग पारदर्शक केला जातो. मग तो तुकडा ठरावीक अंशांनी फिरवून, ठरावीक अंतरावर सरकवून, मूळ पत्राच्या चित्रावर थर म्हणून ठेवला जातो. अशा शेकडो थरांचे शेवटी एकच चित्र होते.

वर्णन सोपे वाटते, पण यातील प्रत्येक पायरीवर कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. तुकडा आधी फिरवून मग सरकविला आणि आधी सरकवून मग मूळ बिंदूभोवती फिरविला, तर तो दोन वेगळ्या जागी जाऊन पडतो. पिलोमध्ये फिरविण्याची आज्ञा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालते आणि चौकट वाढविण्याची सूचना दिली नाही तर चित्राचे कोपरे मुकाट्याने कापले जातात. कोपऱ्यावर एखाद्या अक्षराची शेपटी असेल तर तीही जाते. चित्र फिरविले की जुने चित्रबिंदू नव्या जाळीत नेमके बसत नाहीत. म्हणून संगणक शेजारच्या बिंदूंच्या रंगांवरून नवे बिंदू कल्पितो. एकदा फिरविलेले चित्र पुन्हा पुन्हा फिरविले तर प्रत्येक वेळी ते थोडे अधिक पुसट होते. सुज्ञ अभ्यासक प्रत्येक वेळी मूळ छायाचित्रापासूनच आरंभ करून एकूण कोन एकदाच लावतो. कडेशी तर विशेष जपावे लागते. पारदर्शक भागातील बिंदूंचा रंग बहुधा काळा नोंदलेला असतो. फिरविताना तो रंग कडेच्या बिंदूंत मिसळू दिला तर तुकड्याभोवती काळसर रेघ उमटते. काजळाच्या शाईने लिहिलेल्या पत्रावर अशी रेघ दिसली की वाचकास ती अक्षराचा अवशेष वाटू शकते.

खरोष्ठी लिपीत याचे परिणाम गंभीर होतात. या लिपीतील त, र आणि द ही अक्षरे दिसण्यात एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की हात सैल असलेल्या लेखकाच्या पत्रावर ती ओळखताना अनुभवी वाचकही थबकतो. त आणि र यांतील भेद तर बव्हंशी आडव्या व उभ्या रेषांच्या लांबीच्या प्रमाणावर अवलंबून असतो. समजा, अक्षराचा माथा एका तुकड्यावर आहे व पाय दुसऱ्यावर. दोन तुकडे घट्ट भिडविले तर उभी रेषा आखूड होते व त्यांच्यात एखाद्या मिलिमीटरची फट ठेवली तर ती लांबते. अशा ठिकाणी अक्षर कोणते हे पाहणाऱ्याचा डोळा ठरवीत नाही, थर सरकविणाऱ्याचा हात ठरवितो. फिरविण्याने व सरकविण्याने निदान प्रत्येक तुकड्याच्या आतील प्रमाण बिघडत नाही. चित्र ताणून, वाकवून किंवा लहानमोठे करून तुकडे बसविले तर तीही हमी जाते. मोजपट्टीच्या आधारे दोन छायाचित्रांचे प्रमाण सारखे करण्यापुरती मोकळीक आम्ही मान्य करू. साल आकसली असावी अशा समजुतीने तुकडा ताणून जागी बसविणे मात्र आम्हांस ग्राह्य वाटत नाही.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न हा की तुकडा अमुक जागी न्यावा हे ठरते कशावरून. येथे खग्गविसाणसुत्ताचेच उदाहरण घेऊ. पाली सुत्तनिपातात या सुत्ताच्या एक्केचाळीस गाथा आहेत. त्यांपैकी एक गाथा सोडली तर प्रत्येकीचा शेवटचा चरण एकच आहे, एकट्याने संचार करण्याचा उपदेश करणारा. सुत्त पठण करणाऱ्यास हे ध्रुवपद आधार देते. तुकडे जुळविणाऱ्यास ते अडचणीत टाकते. ध्रुवपदातील दोन अक्षरे असलेला नखाएवढा तुकडा सापडला तर तो चाळीस गाथांपैकी कोणाचा? पद्यग्रंथांच्या काही खरोष्ठी गुंडाळ्यांत एका ओळीत एक गाथा व चरणांमध्ये मोकळी जागा अशी मांडणी आढळते. तशी मांडणी असेल तर लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी असल्याने तुकडा डाव्या अंगाचा, एवढे कळेल. ओळ कोणती हे तरीही कळणार नाही. सालीवरील शिरा जुळल्या, फाटलेल्या कडा एकमेकींत बसल्या, एका तुकड्यावरून निघालेली रेषा दुसऱ्यावर तंतोतंत पुढे गेली किंवा पाठीमागच्या बाजूचे लेखनही जुळले, तर तुकड्याची जागा भौतिक पुराव्याने सिद्ध झाली असे म्हणता येते. यांतील काहीच नसेल आणि पाली गाथेत अमुक शब्दापुढे अमुक शब्द येतो एवढ्यावरूनच तुकडा तेथे नेला असेल, तर ते अनुमान आहे. ते चांगलेही असू शकेल. परंतु त्या अनुमानाने सिद्ध केलेल्या चित्रावर बोट ठेवून पुढे कोणी म्हणू लागला, की पाहा, गान्धारी पाठातही शब्दांचा क्रम पालीप्रमाणेच आहे, तर तो तर्क वर्तुळात फिरत आहे. जे पालीतून घेऊन चित्रात घातले तेच चित्रातून काढून पालीच्या समर्थनार्थ उभे केले, असा तो प्रकार होतो.

ही आपत्ती काल्पनिक नाही. या सुत्तात गाथांचा क्रम गान्धारीत व पालीत सारखा नाही, हे सॉलोमन यांच्या आवृत्तीतून स्पष्ट झालेले आहे. महावस्तूमध्येही या वर्गातील काही गाथा येतात व तेथील मांडणी आणखी निराळी आहे. क्रमच जेथे वादाचा विषय आहे तेथे एकेका तुकड्याची ओळ कशी ठरली, हे कळल्यावाचून तुलना पुढे सरकू शकत नाही.

मुद्रित पाठाच्या बाबतीत या विद्वानांनी जी काटेकोर शिस्त पाळली आहे तिचे आम्हांस मनःपूर्वक कौतुक वाटते. अस्पष्ट अक्षर चौकोनी कंसात येते. नष्ट झालेले पण समांतर पाठावरून पूर्ण केलेले अक्षर गोल कंसात, तारांकित करून येते. न वाचता येणाऱ्या अक्षरासाठी प्रश्नचिन्ह आहे, तुटलेल्या कडेसाठी तिरप्या रेघा आहेत. पान उघडताच पत्रावर काय आहे आणि संपादकाने काय जोडले आहे हे वाचकास वेगळे करता येते. जुळवलेल्या चित्रात यांपैकी काहीच नसते. चित्रात कंस नसतो. भौतिक पुराव्याने जोडलेला तुकडा व केवळ अनुमानाने ठेवलेला तुकडा दोन्ही सारख्याच ठामपणे समोर येतात. स्पष्टीकरण असेलच तर ते ग्रंथातील वर्णनात व टिपांत असते. चित्र ग्रंथातून सुटून मुखपृष्ठावर गेले की टिपा मागेच राहतात.

एक आक्षेप येथे संभवतो आणि तो आमच्या परंपरेतूनच येणारा असल्याने त्याचा विचार करणे प्राप्त आहे. महापरिनिब्बानसुत्तात तथागतांनी चार महापदेश सांगितले. कोणी म्हणाला की हे वचन मी भगवंतांच्या मुखातून, संघाकडून किंवा थेरांकडून ऐकले, तर त्याचे अभिनंदनही करू नये व निषेधही करू नये. ते वचन सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. मग ज्ञात सुत्ताशी ताडून तुकड्याची जागा ठरविली तर त्यात वावगे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की महापदेशात साक्ष आधी पूर्ण ऐकून घेतली जाते आणि नंतर ती ताडली जाते. साक्षीदाराने काय बोलावे हे ताडणारा आधी पढवून ठेवीत नाही. पालीच्या आधारे तुकडे बसवून मग त्याच चित्राची पालीशी तुलना करणे म्हणजे पढविलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी होय.

याउलट टोकाचे मतही आम्हांस मान्य नाही. काहींच्या मते जुळवलेली चित्रे छापूच नयेत, काचेखालील स्थितीच तेवढी दाखवावी. असे केल्याने काही साधणार नाही. काचेखालची स्थिती ही लेखकाने निर्माण केलेली नव्हे. ती गुंडाळी दबण्याने व उलगडण्याने आलेली आहे, आणि मूळ पाठ म्हणून तीच वाचणे ही अधिक मोठी चूक ठरेल.

म्हणूनच आम्हांला कोडचा पक्ष घ्यावासा वाटतो. संगणक निःपक्षपाती असतो अशा समजुतीने नव्हे. यंत्राने जुळवले म्हणजे ते खरे, ही भाबडी श्रद्धा आपल्याकडे वाढीस लागली आहे व ती घातकच आहे. कोन साडेबारा अंश न लिहिता दशांशचिन्हापुढे तीन आकडे देऊन लिहिला म्हणून अनुमान अधिक खरे होत नाही. कोडचा उपयोग निराळा आहे. माउसने ओढून जुळवलेले व शेवटी एकजीव केलेले चित्र आपला इतिहास पुसून टाकते. आज्ञावलीत मात्र प्रत्येक तुकड्यामागे एक ओळ असते: कोणत्या छायाचित्रातून घेतला, किती अंशांनी फिरविला, किती सरकविला, कोणत्या थराच्या वर ठेवला. त्याच ओळीत आणखी एक शब्द लिहिण्यास संपादकास काय कष्ट पडणार, की ही जागा कडा जुळल्यामुळे ठरली की समांतर पाठावरून? तेवढे लिहिले की त्याच आज्ञावलीतून दोन चित्रे काढता येतात. एकात केवळ भौतिक पुराव्याने बसलेले तुकडे, आणि दुसऱ्यात अनुमानाचे तुकडेही, परंतु फिकट किंवा वेगळ्या रंगछटेत. पाठातील तारांकित कंसाचे काम ती छटा करील. ज्यांची जागा ठरत नाही असे ध्रुवपदाचे तुकडे एका बाजूस, सरळ करून पण न बसविता ठेवावेत. संशोधकाने आपली आज्ञावली व मूळ छायाचित्रे खुली ठेवली तर दुसरा अभ्यासक एक ओळ बदलून पाहू शकेल की तुकडा दोन ओळी खाली नेल्यास काय घडते.

ही अपेक्षा आता अवाजवी राहिलेली नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या गुंडाळीची छायाचित्रे २०१९ मध्ये सर्वांस पाहण्यासाठी खुली केली. तीत गोतम बुद्धांपूर्वीचे तेरा बुद्ध, स्वतः गोतम आणि भावी बुद्ध अशा पंधरा बुद्धांचे वर्णन आहे. आरंभ व शेवट नष्ट झाला असला तरी बराचसा मजकूर टिकला आहे. याही ग्रंथात एकाच साच्यातील वाक्ये बुद्धागणिक पुन्हा येतात. म्हणजे तुकड्यांच्या स्थाननिश्चितीचा जो प्रश्न ध्रुवपदामुळे उद्भवतो तोच येथे दुसऱ्या रूपात उभा आहे. पाली व प्राकृत शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी खरोष्ठीचे प्राथमिक ज्ञान करून घेतले तर साध्या संगणकावरही ते ही छायाचित्रे थरांनी मांडून पाहू शकतील. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे पाली शिकणाऱ्यांची संख्या लक्षात घेता हे काम केवळ परदेशी विद्यापीठांवर सोपवून बसण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आपल्या वाचकांना याची काळजी का असावी, हेही सांगितले पाहिजे. पूज्य बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात भगवंतांच्या वचनांचा विपर्यास कसा होत गेला व भाणकांच्या मुखपरंपरेत चुकीची वचने कशी शिरली याची चर्चा केली आहे. पाली ग्रंथही तपासूनच घ्यावयाचे, ही दृष्टी आपणांस तेथून मिळाली. त्या दृष्टीने पाहता गान्धारी पत्रांचे मोल फार मोठे आहे. पाली परंपरेहून वेगळ्या निकायाने, वेगळ्या प्रदेशात, वेगळ्या भाषेत जतन केलेली ही साक्ष आहे. तिचे स्वातंत्र्य हेच तिचे मोल. पालीचे प्राचीनत्व सिद्ध करण्याच्या उत्साहात आपणच ती पालीच्या साच्यात बसवून घेतली, तर भाणकांच्या ज्या चुका शोधावयाच्या त्या शोधण्याचे साधन आपण गमावू. इतरांच्या पुराणकथांना पुरावा मागणाऱ्या समाजाने व्यासपीठावर जुळवलेले चित्र मूळ पत्र म्हणून दाखवावे, हे तर आम्हांस मुळीच शोभादायक वाटत नाही. चित्र अवश्य दाखवावे. ते जुळवलेले आहे, हे त्याच्याखाली मराठीत एका ओळीत लिहावे.

सुत्तनिपाताच्या देवनागरी आवृत्तीची परंपरा आपल्याकडे पु. वि. बापट यांच्या १९२४ च्या पुणे आवृत्तीपर्यंत मागे जाते. तिच्या पुढच्या संस्करणात कोणी गान्धारी पाठभेद तळटीपांत घेणार असेल, तर आमची सूचना अशी: एकाच अखंड तुकड्यावर असलेले वाचन साध्या अक्षरांत द्यावे, कडा जुळवून सिद्ध झालेल्या वाचनापुढे एक चिन्ह द्यावे, आणि समांतर पाठावरून बसविलेल्या तुकड्यातील वाचन पाठभेद म्हणून देऊच नये. गाथांच्या क्रमाची तुलना मांडतानाही याच तिसऱ्या वर्गातील तुकडे हिशेबातून वगळावेत व उरलेल्यांवरून जेवढे म्हणता येईल तेवढेच म्हणावे.